सुरेखाची किडनी

हे मी आजवर एकाही माणसाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, आणि ज्या मैत्रिणींना वाटतं की मी त्यांना माझं सगळं सांगते, त्यांच्याजवळही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हीही मला 'डॉक्टर' म्हणाला असता — आणि मी ते म्हणू दिलं असतं.

तर आधी तेच. मी डॉक्टर नाही. माझी डॉक्टरेट आहे, सूक्ष्मजीवशास्त्रातली. अबू धाबीतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी बुरशीचा विभाग सांभाळते. कुणाला कुठलं बुरशीजन्य इन्फेक्शन झालंय ते ओळखायचं, त्याच्यावर कुठलं औषध चालेल आणि कुठलं चालणार नाही ते सांगायचं, हे माझं काम. पेशंटला गोळी देण्याचा मला अधिकार नाही. दिली आणि कळलं, तर लायसन्स गेलं. पण इथल्या आमच्या मराठी मंडळींना हा फरक कुठला कळायला? हळदीकुंकवाला बायका जीभ बाहेर काढून दाखवायच्या, रिपोर्टचे फोटो पाठवायच्या. 'डॉक्टर, जरा बघता का?' मी एकदाही म्हटलं नाही की अहो, मी त्यातली नव्हे. का म्हणू? गोड लागत होतं. आणि त्याच वेळी त्या सगळ्यांना मी मनातून मूर्ख समजत होते. तुच्छता ही माझी जुनी सवय. लोक चहा पितात, मी माणसांना कमी लेखते. त्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

सर्वांत जास्त कमी लेखायचे ती सुरेखाला.

सुरेखा माझी धाकटी जाऊ. माझा नवरा मिलिंद, त्याचा धाकटा भाऊ संजय, त्याची बायको. संजयभाऊजींचा मुसफ्फा ह्या औद्योगिक भागात केटरिंगचा धंदा होता — कंपन्यांच्या कामगार कॅम्पांना जेवण, मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना पंगती. सुरेखा तासगावकडची, बारावी नापास. मोठ्याने बोलायची, त्याहून मोठ्याने हसायची. मॉलमध्ये बाकावर बसून चपला काढायची आणि पाय चोळायची. आमच्या खलिफा सिटीच्या घरी आली की पहिल्यांदा फ्रिज उघडून बघायची. माझी मुलगी तिच्या बोलण्याची नक्कल करायची, आणि मी तिला रागवायचं सोडून हसायचे. शिकलेल्या बाईचं हसणं — ओठ न उघडता.

मग संजयभाऊजींच्या दोन्ही किडन्या गेल्या. कुणाची तरी एक हवी होती. मिलिंदचा रक्तगट जुळत होता. तो तयारही होता — निदान तसं म्हणाला. मी त्याला आठवडाभर शास्त्र समजावलं. तुझं बीपी. तुझं वय. आपली मुलगी. शास्त्राच्या नावाखाली कुणाला काहीही समजावता येतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? शेवटी तो 'बघू' म्हणाला, आणि आमच्या घरात 'बघू' म्हणजे खलास. तोवर सुरेखाने स्वतःची तपासणी करून घेतली होती. जुळलं. पुण्याला जाऊन ऑपरेशन झालंसुद्धा. 'दोन हायत की. एक त्यांना,' एवढंच ती म्हणाली होती म्हणे.

म्हणे — कारण मी तिथे नव्हते. मला कॉन्फरन्स होती.

परत आली तेव्हा सगळं मंडळ तिच्या भोवती. सत्कार, साडी-नारळ. सासूबाई, ज्यांनी पंधरा-वीस वर्षं फक्त माझ्या पदवीचं कौतुक केलं होतं, त्या गावाहून फोनवर रडत होत्या — 'सुरेखानं माझा संजा दिला मला.' मला ते सहन झालं नाही. जे करायला आपण घाबरलो ते दुसऱ्याने हसत हसत केलं, की त्या माणसाचा इतका राग का येतो? मी त्याचं उत्तर शोधलं नाही. मी म्हटलं, अडाणी आहे, तिला धोका कळलाच नसेल.

आता थोडं कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दुसऱ्याची किडनी शरीर आपली मानत नाही, तिच्यावर तुटून पडतं. म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती गोळ्या देऊन मुद्दाम दाबून ठेवावी लागते, जन्मभर. ह्या गोळ्यांची रक्तातली पातळी अगदी जपावी लागते. जास्त झाली तर तीच गोळी किडनी जाळते, कमी झाली तर शरीर किडनी मारतं. आणि प्रतिकारशक्ती दबली की इतके दिवस तोंडात, आतड्यात गुपचूप राहिलेलं यीस्ट — तीही एक बुरशीच — डोकं वर काढतं. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या तोंडात ते असतं. आपल्याला ते काही करत नाही. अशा माणसांना मात्र सोडत नाही.

हे सगळं मी मुलांना शिकवते. इंटर्न वह्या घेऊन बसतात.

एका रविवारी दुपारी दोघं आमच्याकडे जेवायला होती. मी आमटीला फोडणी देत होते. सुरेखा किचनमध्ये आली, दार ओढून घेतलं, आणि फोन पुढे केला. संजयभाऊजींनी आ केलेला फोटो. जिभेवर, गालांच्या आतून दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर.

'ताई, ह्यांच्या तोंडात असं पांढरं आलंया. लाजत्यात सांगायला.'

नमुना घ्यायला हवा होता. कापसाची एक काडी, दोन सेकंदांचं काम. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये लावली असती तर कळलं असतं की यीस्टची कुठली जात आहे. जातीजातीत फरक असतो — एक साध्या कॅप्सुलने मरते, दुसरीला तीच कॅप्सूल लागू पडत नाही. माझं आख्खं करिअर ह्या एका वाक्यावर उभं आहे. पण त्यासाठी हॉलमध्ये जायला हवं होतं, दिराला 'आ करा' म्हणायला हवं होतं, आणि मुख्य म्हणजे सुरेखाचं काम महत्त्वाचं आहे असं मानायला हवं होतं. मी फोटोकडे पाहिलं, एका हाताने आमटी ढवळत. आणि ड्रॉवरमधून फ्लुकोनाझोलची, म्हणजे त्याच साध्या कॅप्सुलची, स्ट्रिप काढून दिली. भारतातून येताना आम्ही सगळेच औषधांचं अर्धं दुकान घेऊन येतो, त्यातली.

'किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, विचारल्याबिगर काय बी देऊ नका म्हणून,' ती म्हणाली. 'त्यांच्या गोळ्यांसंगं चालतील ना ह्या?'

चालत नाहीत. हे औषध त्या गोळ्यांची रक्तातली पातळी भराभर वाढवतं. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मी वाचलं होतं. शिकवलंसुद्धा होतं. त्या क्षणी आठवलं नाही — कारण आठवायची तसदी कुणासाठी घ्यायची?

'सुरेखा,' मी म्हणाले, 'माझं रोजचं काम आहे हे.'

ती ओशाळली. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं — तेही सांगते. आणि वर मी म्हणाले, 'क्लिनिकमध्ये सांगत बसू नकोस, उगाच घाबरवतील. भाऊजींनाही माझं नाव नको सांगू, ऑक्वर्ड होतील. क्लिनिकनेच दिल्या म्हण.' त्यांच्या गोळ्या तीच काढून द्यायची. मूठभर गोळ्यांत एक जास्त — ते कशाला बघतात?

थर गेला. काही आठवड्यांनी परत आला. मी परत स्ट्रिप दिली. मग पुन्हा. मग म्हटलं, दोन-दोन दे. दर वेळी ती हळू आवाजात विचारायची, 'एकदा डॉक्टरांना दावू का?' आणि दर वेळी मी असा चेहरा करायचे की ती पुढे बोलायची नाही. तो चेहरा मला छान जमतो.

आमच्या पुढच्या जेवणांत भाऊजींचा हात थरथरायला लागला होता. चहाचा कप बशीवर वाजायचा. जेवण समोर तसंच राहायचं. 'मॉम, काका इज नॉट ईटिंग एनिथिंग,' माझी मुलगी म्हणाली. बारा वर्षांच्या मुलीला दिसलं. मला दिसलं नाही का? दिसलं. हात थरथरणं हे त्या गोळ्यांची पातळी चढल्याचं लक्षण असतं, हेही कुठेतरी माहीत होतं. मी म्हटलं, धंद्याचं टेन्शन असेल.

शेवटी त्यांना गिळवेना. पाणीसुद्धा. लघवी कमी झाली, पाय सुजले. त्यांना आमच्याच हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. दुर्बीण घालून अन्ननलिकेतून नमुना घेतला, आणि तो माझ्या टेबलावर आला. लेबलवरचं नाव वाचलं आणि त्याला मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आता कसं सगळं नीट केलं मी! जंतू वाढवायच्या आगरच्या प्लेटवर नमुना पसरला, जिथे प्रत्येक जात वेगळ्या रंगाने उगवते. नेहमीची जात तिथे हिरवी उगवते. ही जांभळट गुलाबी आली — गुळगुळीत, चकचकीत. मशीनने नाव सांगितलं, कॅन्डिडा ग्लाब्राटा. मग त्याच औषधाच्या चढत्या मात्रा भरलेल्या छोट्या खळग्यांत ती पेरली. कमी मात्रेत उगवली. मधल्या मात्रेत उगवली. शेवटच्या, सर्वांत कडक खळग्यातही दुसऱ्या दिवशी तळाशी पांढरा ठिपका होता. फ्लुकोनाझोलला दाद देत नाही. तो ठिपका मी घडवला होता. पहिल्या स्ट्रिपने साधी जात मेली, रिकाम्या जागेत ही आली. मग थांबत-थांबत, अर्धवट दिलेल्या माझ्या कॅप्सुलांनी तिच्यातलं जे मरण्यासारखं होतं ते मारलं आणि न मरणारं तेवढं ठेवलं.

मी सुंदर रिपोर्ट लिहिला. कुठलं औषध चालेल तेही लिहिलं — शिरेतून द्यायचं, वेगळ्या प्रकारचं.

किडनीच्या डॉक्टरांचा फोन आला. सीरियाचे होते, वयस्क, सौम्य. म्हणाले, 'ह्या पेशंटची औषधाची पातळी महिनोन् महिने वर-खाली होते आहे. आम्ही वर सापडली की डोस कमी करतो, की लगेच कोसळते. किडनी दोन्ही बाजूंनी मार खाते आहे. आता तुमच्या रिपोर्टवरून वाटतं, ह्यांना कुणीतरी फ्लुकोनाझोल देत होतं. पेशंट म्हणतो क्लिनिकने दिलं. आम्ही तर दिलेलं नाही. तुम्ही नातेवाईक आहात ना — काही कल्पना?'

इथे एक वाक्य पुरलं असतं. 'मी दिलं.' दोन शब्द.

मी म्हणाले, 'त्यांच्या मिसेसना विचारा. त्या इंडियाहून औषधं आणतात.'

आणि एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही. सुरेखाला इंग्रजी येत नव्हतं, डॉक्टरांना हिंदी येत नव्हतं. हॉस्पिटलचा दुभाष्या होता. मी म्हणाले, कशाला, मी येते, घरचीच आहे. डॉक्टरांनी माझे आभार मानले.

छोटी खोली. टेबलावर टिश्यूचा डबा. सुरेखा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. डॉक्टरांनी विचारलं, मी मराठीत विचारलं: 'त्या गोळ्या कुणी दिल्या, असं विचारतायत.'

हो. मी — तिला — हे विचारलं. माझ्या तोंडाने.

तिने माझ्याकडे पाहिलं. ती मराठीत काहीही बोलली असती तरी इंग्रजीत ते माझ्याच तोंडून निघणार होतं. मला ते माहीत होतं. त्यासाठीच मी आले होते. त्या क्षणी तिलाही ते कळलं. मी तिच्या चेहऱ्यावर ते कळताना पाहिलं.

'सांगा त्यांना,' ती म्हणाली. 'मीच दिल्या. गावाकडनं आणल्या हुत्या.'

मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द, अगदी प्रामाणिकपणे.

डॉक्टर रागावले नाहीत, थकल्यासारखे झाले. म्हणाले की हे केअरलेस होतं, अशा पेशंटच्या बाबतीत असं करायला नको होतं. मी ते तिला मराठीत सांगितलं. 'केअरलेस'ला 'निष्काळजीपणा' हा शब्द आहे. मी 'अडाणीपणा' म्हणाले. 'तुझ्या अडाणीपणामुळे झालं, असं म्हणतायत.' का? ती तर मला वाचवून मोकळी झाली होती. मग का? मला वाटतं, ज्याने आपल्याला वाचवलं त्याला आपण सर्वांत आधी लाथ मारतो. आपण म्हणजे मी. तुम्हाला ह्यात ओढायला नको.

नव्या औषधाने इन्फेक्शन गेलं. किडनी गेली. सुरेखाची किडनी — तिच्या पोटातून काढलेली, धडधाकट — निकामी झाली. भाऊजी डायलिसिसवर आले. धंदा पार्टनरला दिला.

आणि मग घर तिच्यावर तुटून पडलं. संजयभाऊजी तिच्याशी बोलेनात. बायको महिनोन् महिने 'क्लिनिकच्या गोळ्या' म्हणून काहीतरी चारत होती, हे त्यांना सहन होईना. मिलिंदने तिला फोनवर झाप झाप झापलं, मी शेजारी बसले होते. ज्या बायकांनी सत्कार केला होता त्या म्हणाल्या, गावाकडची माणसं, काय करणार. आणि सासूबाई म्हणाल्या, 'दिली पण तिनंच, मारली पण तिनंच.' माझ्या घरात, स्पीकरवर, हे वाक्य ऐकलं मी. मान हलवली. व्हिडिओ कॉल नव्हता, सासूबाईंना दिसणार नव्हतं, तरीही हलवली.

ती दोघं कायमची परत निघाली त्या दिवशी आम्ही विमानतळावर गेलो. भाऊजी व्हीलचेअरवर, मिलिंद त्यांच्याबरोबर काउंटरपाशी. सुरेखा बॅगांजवळ एकटी उभी होती. वाळली होती. मी तिच्याजवळ गेले. काय बोलणार होते मी? माझं मला ठाऊक नाही. पर्समधला रुमाल मात्र आधीच हातात घेतला होता. मला तसं रडू वेळेवर येतं.

'सुरेखा, मला तुझ्याशी —'

'नका बोलू, ताई.'

ती शांतपणे म्हणाली. बॅगेची चेन नीट लावत होती.

'त्या दिशी तुमचं नाव घेतलं असतं, तर तुम्ही रडला असता. माझ्या पाया पडला असता. मग समदी मला म्हणली असती, जाऊ दे सुरेखा, शिकलेली बाई हाय, चुकली, माफ कर. मला न्हाई करायचं माफ. म्हणून घेतलं न्हाई.'

इतके दिवस मी काय समजत होते? की ती घाबरली. की मोठ्या जावेचा मान राखला. की माझ्या नोकरीची दया आली. आणि तिने मला फक्त तिच्या माफीच्या टप्प्याबाहेर ठेवलं होतं. आयुष्यभर मी माणसांना ज्या नजरेने बघत आले, त्या नजरेने मला पहिल्यांदाच कुणीतरी पाहिलं — आणि मला ती नजर ओळखायला वेळ लागला नाही. सुरेखा ते माझ्यापेक्षा चांगलं करत होती. तिला ओठ आवळावे लागत नव्हते.

मला त्या वेळी काय वाटलं, तेही सांगते. सुटल्यासारखं वाटलं. आता ही कुणाला सांगणार नाही, एवढंच डोक्यात आलं. गाडीत बसल्यावर मी मिलिंदला म्हणाले, एसी वाढव.

त्यानंतर मला विभागप्रमुख केलं. नव्या मुलांना मी कळकळीने सांगते — पेशंटला आधी कुठलं औषध दिलं गेलं, हे विचारल्याशिवाय रिपोर्ट पुढे पाठवू नका. घरचे लपवतात. मुलं माना डोलावतात. मंडळात अजून 'डॉक्टर' म्हणतात.

गेल्या रविवारी संजयभाऊजींचा व्हिडिओ कॉल आला. मिलिंद बाहेर गेला होता, म्हणून मी घेतला. भाऊजी पार काळवंडलेत. हाताला डायलिसिसची पट्टी. मागे सुरेखा खाली बसून भाजी निवडत होती. इकडचं-तिकडचं झालं, मग ते अचानक हळवे झाले.

'वहिनी, तुम्ही होता म्हणून निदान इन्फेक्शन सापडलं. नाहीतर तेव्हाच गेलो होतो मी. तुमचे उपकार आहेत.' मग मागे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाले, 'आमच्या बाईनं मात्र वाटोळं केलं.'

सुरेखा भाजीची देठं मोडत राहिली.

मी म्हणाले, 'असू दे, भाऊजी. तिला कुठं एवढं कळतं.'